खालचा थर

प्रिय विश्वजित,

पत्राला मायना लागतो म्हणून 'प्रिय' लिहिलंय, लगेच हुरळून जाऊ नकोस.

परवा कॉलेजात तुझं व्याख्यान ऐकलं. काय तो थाट! फेटा, शाल, आणि 'कोल्हापूरचा सुपुत्र' म्हणत प्राचार्यांनी लावलेला मस्का. तू मान तिरकी करून नम्र दिसायला बघत होतास, ते अजूनही तुला जमत नाही. मग पडद्यावर भाजलेल्या जखमेवर लावायची आपली रेशमाची पट्टी आली, आणि तिच्यावर वाढलेल्या हिरव्यागार पेशींचं चित्र. हॉलभर टाळ्या पडल्या. ते चित्र मी काढलेलं, विश्वजित. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून, तू रंकाळ्यावर भेळ खात बसला होतास तेव्हा.

त्याच दिवशी मी तुला सगळे थर दाखवले होते. त्या यंत्राचं कौतुक एवढंच, की पट्टी न कापता प्रकाशानं तिच्या आत थराथरानं उतरता येतं. जिवंत पेशी हिरव्या चमकतात, मेलेल्या लाल. वरचा थर हिरवा होता. जो जखमेला टेकणार, तो खालचा थर लालभडक होता. पट्टी घट्ट करायला वापरलेलं रसायन तिथं साचून पेशी मारत होतं. तू काय म्हणालास? "खालचं कोण बघतंय, शिवा?" मी भांडले, शोधनिबंधावरून माझं नाव काढायला लावलं. तेव्हा मात्र तू हातापाया पडून रसायन बदलायचं वचन दिलंस. लग्नाचंही त्याच सुमारास दिलं होतंस. दोन्ही एकाच दुकानातला माल, हे मला उशिरा कळलं.

म्हणून परवा प्रश्नोत्तरांत मी उठले. रसायन बदललं का, विचारलं. तू छाती फुगवून सांगितलंस, मूळ कृतीत काडीचाही बदल नाही. खालचा थर दाखवता का, विचारलं. तर घड्याळाकडं बघून हसलास, "वेळ संपली, मॅडम." मॅडम! आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी जेवून पान चघळत बसायचास तेव्हा माझं नाव बरं आठवायचं. तुझी हुशारी इतकीच रे. चित्र खोटं काढायचीही धमक नाही, म्हणून खरं चित्र अर्धं दाखवायचं. लबाडीतसुद्धा आळशी.

आता माझ्या गंगव्वा मावशीचं सांगते. बिद्रीजवळच्या गुऱ्हाळात गुळाच्या उकळत्या कायलीतला रस तिच्या उजव्या हातावर उडाला, मनगटापासून कोपरापर्यंत कातडं गेलंय. तुझ्या व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले, तर बाई खुशीत. "अगं, नवी पट्टी लावनार हाईत, फुकट. आपल्या विश्वजितनं काढल्याली हाय म्हनं! मी कागदावर डाव्या हातानं अंगठा ठोकला की." तुझ्या चाचणीतली पहिली पेशंट, विश्वजित. लिंगायताची पोरगी मराठ्याला कशी द्यायची म्हणून घरात सगळ्यांनी तोंडं फिरवली, तेव्हा एकटी तुझ्या बाजूनं भांडलेली.

मी तशीच एथिक्स कमिटीकडं गेले आणि सगळे थर त्यांच्या टेबलावर ठेवले. खालचा थर बघून कमिटीतल्या डॉक्टरांनी चष्मा काढला आणि चित्र डोळ्यांजवळ धरलं. आज सकाळी चाचणी थांबली. मावशीला साधी मलमपट्टी चालू आहे, हात वाचेल म्हणतात. सोमवारी तुला कमिटीपुढं बोलावतील. शिवलीलानं सूड घेतला, असं सांगत तू फिरशील. फीर. तुझ्यासाठी मी शाई वाया घालवली नसती.

हे पत्र मावशीनं लिहायला लावलंय. सगळं ऐकून तिनं भाजलेला हात उशीवर नीट ठेवला. मग म्हणाली, "पोरगं चुकलं आसंल. त्याला लिही, सोमवारी खरं सांग म्हनावं. मग बिद्रीला ये म्हनावं, हात बरा झाला की मी भाकरी करून घालते." मी खूप समजावलं, ऐकत नाही. तुला अजून भाकरी घालायला तयार असलेलं एकच माणूस राहिलंय, विश्वजित, आणि तू ती पट्टी तिलाच लावायला निघाला होतास. तिचा निरोप पोचवला. माझा काही निरोप नाही.

तुझी कुणीच नसलेली,
शिवलीला