फळीला चिकटवलेले सागरगोटे

मंगळवार, ११ मार्च १९१३. दुपारी सव्वाचार, बीड, कचेरीतून घरी परतल्यावर.

कोलंबोच्या एका मुलींच्या शाळेने आपले खेळ शिकवायला आणि त्यांचे शिकायला मला बोलावलं आहे. प्रवासाच्या परवान्यासाठी कचेरीने खेळाचा नमुना मागितला, म्हणून मी सागरगोटे तिथल्या पेशकारांकडे, म्हणजे अर्ज घेणाऱ्या कारकुनांकडे, दिले होते. आज पाहते तर पाचही सरसाने फळीला चिकटवलेले, खाली उर्दूत 'नमुना' अशी चिठ्ठी. सरसाने!

"बाई, फळी टपालानं जाईल. तुमी कावून एवढ्या लांब जाता?"

"मग तिथल्या मुलींनी झेलायचे कसे? फळीसकट?"

"लई तेज जबान हाय तुमची," म्हणाले, आणि माझा अर्ज गठ्ठ्याखाली सारला.

लहानपणी कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आमच्या बोटांवर पट्टी मारायच्या, पण आमचा चालू डाव त्यांनीही कधी मोडला नाही. तीस वर्षं मुलींना शिकवून निवृत्त झाले, आता कुठे समुद्र पाहीन म्हटलं तर... आणि तिकडचे खेळ शिकून कोण येणार? ती फळी? उगाच चिडते आहे का मी? नाही. येताना एक गोटा उपटून आणला. बोटं अजून सरसाने चिकट आहेत.

उद्या सकाळी नवा अर्ज देणार. त्यात एवढंच: मला परवाना मिळणार की नाही, आणि नसल्यास का, हे शुक्रवारी दुपारी बाराच्या आत लेखी कळवावे. तोंडी निरोप घेतला जाणार नाही.