बोळातली घंटी

रविवार, संध्याकाळी सात

सकाळची सायकल टूर डोक्यातून जात नाही. तांबट लेनमागच्या अरुंद बोळात आमची गाइड सायली म्हणाली, “वळणाआधी घंटी वाजवायची. पलीकडून वाजली तर भिंतीला लागून वाट द्यायची.”

वाजवली. पलीकडूनही वाजली. आम्ही आठही जण भिंतीला लागलो. कुणीच आलं नाही. ओट्यावर मेथी निवडणाऱ्या आजींनी मात्र, मान वर न करता, पाय आत घेतले.

मला हसू आलं. एवढी कसली घाई होती मला? सरळ निघाले. “अगं, जाऊ दे की त्याला आधी!” आजी ओरडल्या. मी पुढे गेले आणि मागे पाहिलं, तर त्यांनी पुन्हा पाय आत घेतले. माझ्यामागे कुणी नव्हतं. बाकीचे अजून भिंतीशीच. मग पाय कशाला? मुंग्या आल्या असतील. असतीलच.

घरी, इंदिरानगरला, वॉचमनकाकांनी गेट उघडलं. मी सायकल लावली, कुलूप घातलं, तरी ते गेट धरून उभेच.

“लावा ना काका.”

“मागच्या सायकलवाल्याला येऊ द्या की, मॅडम.”

आत्ता लक्षात आलं, मघापासून मीही पाय खुर्चीवर घेऊन लिहितेय.