परत न आलेली बाळं

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आपला निबंध काल एकदाचा जर्नलकडे रवाना झाला. तीन प्रती, एका बाजूला टाइप केलेल्या, ओळींमध्ये दुप्पट अंतर, तक्ते वेगळ्या कागदांवर. टायपिस्टबाईंनी संदर्भांची यादी चौथ्यांदा करायला साफ नकार दिला, तेव्हा ती मीच दोन बोटांनी बडवली. पाकीट पोस्टाच्या खिडकीतून आत गेलं तेव्हा मुलीला पहिल्यांदा शाळेत सोडल्यासारखं झालं.

तुझ्या वॉर्डात खाटा पुरेनात म्हणून दीड वर्ष एका आठवड्यातल्या बाळंतिणींना दुसऱ्या दिवशी घरी सोडलं, पुढच्या आठवड्यातल्यांना पाचव्या. चारशे बारा बाळं. महिन्याभरात किती परत दाखल झाली हे तू रजिस्टरातून उतरवून दिलंस आणि दोन्हीकडे आकडा सारखाच निघाला. म्हणजे लवकर सोडल्याने काही बिघडत नाही. आमचे विभागप्रमुख, म्हणजे मोठे साहेब, खूश आहेत. निबंध छापून आला की माझी प्राध्यापकी पक्की, असं ते आपणहून म्हणाले.

एक सांगायचं राहिलं. पहिलं नाव साहेबांचं, मग माझं, मग आकडेमोड करणाऱ्याचं. तुझं नाव साहेबांनी खोडलं. परिचारिकेचं नाव लेखकांत बरं दिसत नाही म्हणाले. मी शेवटी आभारात ‘वॉर्डातील परिचारिका वर्ग’ असं घातलंय. तुला नावाची हौस नाही हे माहीत आहे, म्हणून वाद घातला नाही.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझा,
धाकटा


१३ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

लहानपणी तुझी वही मी आखून द्यायची आणि टापटिपीचं बक्षीस तू आणायचास. त्या रिवाजात खंड पडलेला नाही म्हणायचा. नावाची हौस मला खरंच नाही. पण ‘वर्ग’ म्हणजे कोण रे? दीड वर्ष ड्यूटी संपल्यावर रजिस्टर उतरवत मी एकटी बसत होते. चष्म्याचा नंबर वाढला तो माझा, वर्गाचा नव्हे. असो, गेलं ते गेलं.

एक विचारते. रजिस्टराच्या उताऱ्यांबरोबर मी माझी निळी वही पाठवली होती, ती पाहिलीस का? प्रत्येक आईला तिसाव्या दिवशी मी एक कार्ड टाकते, बाळ कसं आहे म्हणून. उलट टपाली दोन ओळी येतात, त्या वहीत टिपून ठेवते. मेट्रनबाई याला माझं खूळ म्हणतात. तुझ्या पत्रात वहीचं नावच नाही.

तू प्राध्यापक झालास की आईवडील असते तर झाला असता तेवढाच आनंद मला होईल. जेवणाच्या वेळा सांभाळ.

माया आहेच, ती मागायला नको.
ताई


२० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जर्नलचं उत्तर आलं. निबंध दोन परीक्षकांनी वाचला. पहिला प्रसन्न आहे. दुसरा मात्र खवट निघाला. तो विचारतो की जे बाळ परत आणलं गेलं नाही ते बरंच होतं, हे तुम्हाला कसं कळलं? सहा आठवड्यांत उत्तर द्यायचंय. साहेब म्हणाले, आजारी असतं तर आणलं नसतं का. पण एवढ्यावर परीक्षक ऐकणार नाही.

तेव्हा तुझं खूळ आठवलं. निळी वही माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. खरं सांगतो, अजून उघडलेली नाही, आणि आता उघडायला सवड नाही. मूळ कार्डं तुझ्याकडे असतीलच. तूच मोजून कळव, कितींची उत्तरं आली आणि सगळी ठीक आहेत ना. तेवढं आलं की मी सुटलो. शेवटी तूच कामाला आलीस, हे तुझी भावजय मला रोज ऐकवते आहे.

तुझ्या मायेवर विसंबून,
धाकटा


२९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. आ.

दोन संध्याकाळी बसून मोजलं. चारशे बारा आयांपैकी तीनशे एकाहत्तर जणींनी उत्तर दिलं. तीनशे बासष्ट बाळं ठीक आहेत. नऊ घरच्या घरी दगावली. त्या नवातली आठ दुसऱ्या दिवशी सोडलेली होती.

एका आईने लिहिलंय की चौथ्या दिवशी बाळ पिवळं पडलं, दूध ओढेना, पण सासूबाई म्हणाल्या की डॉक्टरांनीच घरी पाठवलंय म्हणजे ठीकच असणार. बहुतेक कार्डांत थोड्याफार फरकाने हेच आहे. कावीळ अंगावर दिसते तिसऱ्या-चौथ्या दिवशी. बाळ वॉर्डात असतं तर मला दिसली असती.

तुझ्याइतकीच मीही चुकले. कार्डं दीड वर्षात एकेक करून आली. प्रत्येकाचं मी एक दिवस वाईट वाटून घेतलं, वहीत लिहिलं आणि कामाला लागले. नऊ एका ओळीत कधी मांडलीच नाहीत. परवा पहिल्यांदा मांडली.

निबंध मागे घे, नाहीतर ही नऊ घालून नव्याने लिही. नाव तुमचंच राहू दे.

तुझी वाट पाहणारी,
ताई


११ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, घरच्या बायकांनी लिहिलेली कार्डं म्हणजे वैद्यकीय पुरावा नव्हे. कुठल्या डॉक्टरने ती बाळं पाहिली? त्यांचंही अगदीच चूक नाही.

परीक्षकाला आम्ही असं कळवलंय की परिचारिकेने प्रत्येक मातेकडे पत्राने चौकशी केली व बहुसंख्य बाळं ठीक असल्याचं कळलं. यात खोटं एक अक्षर नाही. तीनशे बासष्ट म्हणजे बहुसंख्यच. शिवाय साहेबांशी भांडून आभारात तुझं पूर्ण नाव घालून घेतलंय.

मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. तू स्वतःचं शिक्षण सोडून मला डॉक्टर केलंस. ते सगळं आता पाण्यात घालवायचं का, तूच सांग.

समजून घेशील या आशेने,
धाकटा


१८ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. आ.

प्राध्यापक झाल्याचं कळलं. अभिनंदन.

जर्नलचा अंक मेट्रनबाईंनी स्वतः आणून दाखवला. आभारात माझं नाव पाहून सगळ्या जणी कौतुक करायला आल्या. त्याच दुपारी परिपत्रक फिरलं. यापुढे सरसकट सगळ्यांना दुसऱ्या दिवशी घरी सोडायचं, तुमच्या निबंधाच्या आधाराने. कार्डंही बंद करायची, कारण बाळं ठीक असतात हे आता सिद्ध झालंय. सही करून घेतली माझी.

मी संपादकांना पत्र लिहिलंय, नऊ कार्डांच्या नकला जोडून. तुला आधी सांगायला हवं होतं. पण आधी सांगितलं असतं तर तू येऊन समोर बसला असतास आणि मी ते फाडून टाकलं असतं. तुझ्यापुढे माझं कधीच काही चाललेलं नाही.

रागावशील, तरी आशीर्वाद आहेत.
ताई


९ ऑक्टोबर

ताईस,
नमस्कार.

संपादकांनी तुझं पत्र रिवाजाप्रमाणे आमच्याकडे उत्तरासाठी पाठवलं. साहेबांनी ते उत्तर मलाच लिहायला लावलं. प्रत सोबत आहे. पत्रलेखिका संशोधनाचं शिक्षण घेतलेल्या नाहीत, त्यांची माहिती ऐकीव आहे आणि तिच्यावरून निष्कर्ष बदलण्याचं कारण दिसत नाही, असं त्यात आहे. दोन्ही पत्रं शेजारी शेजारी छापून येतील.

सख्ख्या भावाला चारचौघांत उघडं पाडून तू काय मिळवलंस ते तुलाच ठाऊक.

धाकटा


२८ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. आ.

दोन्ही पत्रं छापलेली वाचली. तुझं उत्तर नेटकं आहे. पत्रलेखिका तुझी कोण लागते ते लिहिलं नाहीस, बरं केलंस.

कार्डं बंद झाल्यावर मी ड्यूटी सुटली की चालत घरोघरी जात होते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी. बाळाला उघडं करून खिडकीच्या उजेडात धरायचं, बस्स. तेवढ्यात अकरा पिवळी सापडली. अकराही जणांना मी आयांबरोबर परत आणून दाखल केलं आणि अकराही वाचली.

पण रजिस्टरात ‘परत दाखल’च्या रकान्यात अकरा नोंदी पडल्या. तुमच्या निबंधाप्रमाणे दोन-तीन पडायला हव्या होत्या. वरून विचारणा झाली की याच वॉर्डाचे आकडे का बिघडले. या विषयातले जाणकार म्हणून अहवाल तुझ्याकडून मागवला होता. वॉर्डातली देखरेख ढिली पडली आहे, असं तू लिहिलंस. वॉर्ड कुणाचा आहे हे तुला माहीत नव्हतं असं मी समजून चालले असते, पण तसं समजायला मी तेवढी भोळी नाही.

तीन आठवडे झाले, माझी बदली कापडखान्यात झाली आहे. चादरींच्या घड्या घालते. बाळंतिणींचे पत्ते मला आता मिळत नाहीत. माझ्या जागी आलेली मुलगी कामाला चोख आहे, पण घरी जाण्याची तिला परवानगी नाही.

या तीन आठवड्यांत वॉर्डात एकही बाळ परत आलेलं नाही. आकडे सुधारले, म्हणून मेट्रनबाई तुझे आभार कळवायला सांगतात.

आशीर्वाद आहेत. लोभाचं या वेळी काही लिहीत नाही.
ताई