गरुडाखालचं कुरण

बाबा, तुम्ही स्कॉटलंडला माझ्याकडे एकदाच आलात, एका मे महिन्यात, आणि त्याआधी तुम्हाला काम करताना मी कधीही पाहिलं नव्हतं. लंडनमधल्या इल्फर्डच्या घरातून आम्ही उठायच्या आत तुम्ही निघायचात. एसेक्समधल्या एका कत्तलखान्यात जनावरं तपासणारे डॉक्टर होतात तुम्ही, पण मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं की आई सांगायची, ते फूड सेफ्टीत आहेत, आणि तुम्ही शेजारी उभे राहून मान हलवायचात. कामाचे कपडे मागच्या शेडमध्ये, आल्यावर आधी आंघोळ, मग चहा. परभणीला शिकलेला, तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींची बाळंतपणं केलेला माणूस इथे येऊन दिवसभर मेलेली जनावरं बघतो, हे मला कळायला बरीच वर्षं लागली. कळलं तेव्हाही त्याचं नेमकं काय करायचं ते कळलं नाही.

मी प्राणीशास्त्र घेतलं, तेही रेनडिअर, हे तुम्हाला पटलं नव्हतं. तुमच्या मनात मी कुत्र्यामांजरांची डॉक्टर होते, स्टॅनमोरला स्वतःचं क्लिनिक, बाहेर नावाची पाटी. फोनवर मी विषय समजावून सांगितला: माणसाने राखलेले रेनडिअर डोंगराचा कुठला भाग वापरतात, कुठला टाळतात, आणि शिकारी प्राण्यांच्या भीतीने त्यात काय फरक पडतो. तुम्ही विचारलंत, तिथे लांडगे आहेत का? मी म्हटलं, नाहीत, कधीच संपले. मग अस्वलं? तीही नाहीत. "मग भीती कशाची?" मी म्हटलं, तेच तर शोधायचंय. तुम्ही फोन आईकडे दिलात.

कळप लहान होता. मालकीण साठीची, तिच्या नवऱ्याने तरुणपणी नॉर्वेहून जनावरं आणली होती आणि तो गेल्यावर तीच सगळं बघत होती. ती रोज सकाळी डोंगराच्या माथ्यावर जाऊन खाद्याची गोणी हलवायची आणि एक लांब हाक मारायची. जनावरं जिथे असतील तिथून माथ्यावर यायची. मागून पाहुणे चढून यायचे, पाडसांचे फोटो काढायचे. मे महिन्यात गर्दी सगळ्यात जास्त, आणि त्या गर्दीवर तिचं वर्ष चालायचं. माझं काम त्या मानाने सोपं होतं. काही माद्यांच्या गळ्यात मी जीपीएसचे पट्टे बांधले होते. त्या दिवसभर कुठे फिरल्या ते संगणकावर उतरवायचं आणि नकाशावर ठिपके मांडायचे. ठिपके मला चक्रावून टाकत होते. माथ्यावर चारा उत्तम, वारा मोकळा, तरी संध्याकाळ झाली की बऱ्याच माद्या खालच्या घळीत उतरायच्या. तिथे नुसते मोठमोठे धोंडे आणि खुरटी बर्चची झाडं, खायला जवळजवळ काही नाही. सकाळी बाई हाक मारून त्यांना पुन्हा वर आणायची.

त्या वसंतात पाडसं नाहीशी होत होती. पलीकडच्या कड्यावर सोनेरी गरुडांची एक जोडी घरटं करून होती, पण बाईच्या घरात गरुड हा शब्द कोणी काढत नसे. त्याचं कारण मला उशिरा समजलं. शेजारच्या इस्टेटीवर शिकारीचे पक्षी राखणाऱ्या गेमकीपरने बाईला सुचवलं होतं की नुसतं सांगा, आम्ही बंदोबस्त करतो. बंदोबस्त म्हणजे मेलेल्या सशात विष घालून ठेवायचं. ते बेकायदा होतं, पण होत होतं. बाईने त्याला परत फाटकाच्या आत पाऊल टाकू नको म्हणून सांगितलं होतं. तिला गरुडही हवे होते आणि पाडसंही, म्हणून पाडसं अशक्त जन्मतात असं ती म्हणायची. मीही फार खोलात गेले नाही, माझ्याकडे पुरावा नव्हता.

तुम्ही आलात ते ऑफिसचे काळे बूट घालून, आईने बांधून दिलेल्या दशम्या घेऊन. पहिल्या दिवशी आमच्याबरोबर माथ्यावर चढलात, दर थोड्या अंतरावर थांबत. मला वाटलं दम लागतोय, आणि लागतही असेल, पण तुम्ही खाली बघत होतात. एका दगडावरचं करड्या रंगाचं काहीतरी खरवडून तुम्ही नाकाशी धरलंत. "हे तर दगडफुलाच्या जातीतलं. तुझी आई चिमूटभर घालते मसाल्यात, आणि ही मंडळी पोटभर खातात." बाईने विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं. ती हसली. त्या दिवशी एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी माथ्याच्या उतारावर पाडस सापडलं. डोळे कावळ्यांनी काढले होते. त्याची आई जवळच उभी होती आणि घशातून एक खोल आवाज काढत होती, म्हशीसारखा. बाईने पाडस दोन्ही हातांवर उचललं आणि खाली शेडमध्ये आणून फळीवर ठेवलं. अशक्तच होतं, ती म्हणाली. तुम्ही कोट काढता, खिळ्याला अडकवता. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडता, एकेक घडी सारखी करत. धारदार सुरी मागता, गरम पाणी मागता. मग काही न बोलता पाडसाच्या पाठीवरून एकदा हात फिरवता, झोपलेल्या जनावराला उठवताना फिरवावा तसा, आणि चामडी सोडवायला लागता. घाई नाही, ओढाताण नाही. इतकी वर्षं मी इल्फर्डच्या शेडमधल्या तुमच्या कपड्यांच्या पिशवीला हात लावायला कचरत होते. तुमचे हात असे चालतात हे मला माहीत नव्हतं.

बाहेरून केसांत नुसती भोकं दिसत होती. चामडी उलटल्यावर प्रत्येक भोकाभोवती काळपट लाल रक्त पसरून गोठलेलं होतं. तुमचं इंग्रजी चांगलं होतं, बाईशी आदल्या संध्याकाळी तुम्ही हवामानावर तासभर बोलला होतात. पण आता तुम्ही माझ्याकडे बघून मराठीत बोललात. "मेल्यावर टोचलं तर रक्त असं पसरत नाही. हे जिवंतपणी धरलंय, वरून." मी पाडस म्हणत होते, तुम्ही शेवटपर्यंत वासरूच म्हणालात. पोट उघडलंत, त्यात दूध होतं. "वासरू चांगलं होतं. पिऊन नुकतंच उभं राहिलं असेल. सांग तिला."

मी बाईकडे वळले आणि इंग्रजीत म्हटलं की बाबांना वाटतंय, कदाचित गरुड असेल. तुम्ही बादलीत हात धूत होतात. मान वर न करता म्हणालात, "मी कदाचित म्हटलं नव्हतं."

मी पुन्हा सांगितलं, ‘कदाचित’शिवाय.

बाई खाद्याच्या गोणीवर बसली. ही गोष्ट शेडबाहेर गेली तर गरुड आठवडाभरही जगायचे नाहीत, एवढंच म्हणाली. तुम्ही तिला इंग्रजीत म्हणालात, बाहेर कशाला जायला हवी, आणि मग मला विचारलंत, "तुझ्या पट्टेवाल्यांत वासरं असलेल्या कुठल्या?" मी नकाशा आणला. तिथेच, त्या फळीच्या कडेला, पाडसं असलेल्या माद्यांचे ठिपके लाल पेन्सिलने गिरवायला लागले. लाल सगळे घळीत होते. रिकाम्या माद्या संध्याकाळीही माथ्यावरच राहत होत्या. धोंड्यांमध्ये आणि झाडांखाली गरुडाला झेप घेता येत नाही, म्हणून लेकुरवाळ्या अर्धपोटी राहून तिथे जात होत्या. बाई बराच वेळ नकाशाकडे बघत राहिली. "आणि मी रोज सकाळी त्यांना वर आणते," ती म्हणाली.

हाक मारणं थांबवायचं, हे तिने लगेच मान्य केलं असं नाही. लांबून लोक येणार होते, हिवाळाभर घर गरम ठेवायचं होतं. जेवताना ती तुमच्याशी वाद घालत होती आणि तुम्ही ऐकून घेत होतात, मधूनच तिला दशमी वाढत होतात. पण दुसऱ्या सकाळी तिने गोणी हलवली नाही. पाहुण्यांना तिने फाटकाजवळचे म्हातारे नर दाखवले. काही जण कुरकुरले. माद्या घळीतच राहिल्या आणि जून सरता सरता, पाडसांच्या पायांत बळ आल्यावर, आपणहून वर आल्या. पाडसं त्यानंतरही गेली, पण कमी. कड्यावर गरुडांचं पिल्लूही वाढलं. बाईने तो हिवाळा नुसतं स्वयंपाकघर तापवून काढला आणि पुढच्या मेमध्येही गोणी हलवली नाही. त्या भेटीच्या शेवटी इन्व्हरनेसच्या स्टेशनवर गाडीत चढताना तुम्ही मला म्हणालात, काम बरं आहे तुझं. क्लिनिकचा विषय नंतर कधी निघाला नाही.

त्याच हिवाळ्यात, जानेवारीत, तुम्ही गेलात. मेमध्ये बाईचा फोन आला. मी तेव्हा इल्फर्डला प्रबंध लिहीत होते आणि तिला कळवायचं राहून गेलं होतं. पाडस सापडलंय, तुझे बाबा येऊ शकतील का, असं तिने विचारलं. मी सांगितलं. ती वाईट वाटल्याचं बोलली, मग म्हणाली, "तर मग तू ये." मी गेले. कोट खिळ्याला अडकवला, सुरी मागितली. पण पाडस जुनं झालं होतं, पावसात भिजलेलं, कावळ्यांनी आणि कोल्ह्याने उकरलेलं. चामडी सोडवली तर खाली सगळंच काळं. रक्त कुठलं आणि सडणं कुठलं ते वेगळं दिसेना. शेवटी बाईला म्हटलं, मला सांगता येत नाही. ती म्हणाली, ठीक आहे, आणि फावडं आणायला गेली.

याला आता वीसेक वर्षं झाली. मी ईलिंगला राहते, कौन्सिलसाठी झाडांतली वटवाघळं शोधते. हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, तरी एक सांगून टाकते. बाईला ते उत्तर देण्याआधी मी शेडमधून बाहेर पडले, फोनला रेंज मिळेल इतकी वर चढले आणि घरचा नंबर लावला. इतक्या सडलेल्या जनावरात काय बघायचं, ते तुम्हाला विचारायचं होतं. फोन आईने उचलला. मी तिला विचारलं, साबुदाणा किती वेळ भिजवायचा असतो? आईने नीट समजावून सांगितलं. माझ्याकडे साबुदाणा नव्हताच.