मोटारीवर ठेवलेला हात

नाना,

आज डोंबिवलीच्या पिठाच्या गिरणीची मोटार चालू करून आले. तुम्ही असता तर एवढंच विचारलं असतंत, "हात ठेवलास?" मी पहिली मोटार बांधली तेव्हा तारेचा वेढा वेढ्याला अगदी चिकटवून बसवला होता आणि कौतुकाची वाट बघत उभी होते. तुम्ही म्हणालात, "दिसायला सुरेख आहे. मोटारीला त्याचं काय?" मग ती चालू करून माझा तळहात तिच्या पाठीवर ठेवलात. भरल्या कामात हात टिकला तर काम खरं. चटका बसून उचलावा लागला तर सगळं उकलून पुन्हा बांधायचं. तुम्ही माझी घेतलेली परीक्षा तेवढीच. तिचा दाखला मिळत नाही, हे तुम्ही गेल्यावर कळलं. तुमची जुनी गिऱ्हाइकं कल्याणला आपल्या वर्कशॉपच्या दारापर्यंत येतात, आत मला बघतात, तुमची आठवण काढतात आणि परत जातात. दिवाळीपर्यंत मोठं काम आलं नाही तर जागा सोडायची, असं आईशी ठरलं होतं.

दसरा झाला आणि गिरणीचे मालक जळलेली मोटार बैलगाडीत घालून आले. मी झाकण काढलं. वरच्या बाजूचीच कॉइल काळी पडलेली, आणि तिच्यावर कुंकवाचा चिकट ओघळ.

"नारळ कशावर फोडलात?"

"मोटारीवर. खंडेनवमीला काय उंबऱ्यावर फोडू?"

"पाणी आत गेलं. आणि पूजा होताच चालू केलीत."

ते म्हणाले, "गो पोरी, तुझे बापाचा हात येगळा व्हता. तुझ्याकडं सरकारी कागद हाय का?"

"नाही. मोटार बांधून देते. चकलीच्या भाजणीची गर्दी असेल तेव्हा तिच्यावर हात ठेवून बघा. उचलावा लागला, तर दारावरची पाटी मी स्वतः उतरवते."

आज डब्यांची रांग रस्त्यापर्यंत आली आहे. पट्टा फिरतोय, भाजणीचा खमंग धुरळा उडतोय, आणि मालक मोटारीवर हात ठेवून उभे. रांगेतली एक बाई विचारते, "शेठ, तिला ताप आलाय काय?" ते हसत नाहीत. शेवटचा डबा भरला तेव्हा हात तसाच ठेवून म्हणाले, "बकरीच्या पिल्लागत ऊब हाय. तेवढीच." आणि थोड्या वेळाने, "कोपरीला माझे मेव्हण्याची भातगिरणी हाय. त्याची मोटार धाडतो. कागद मागू नको, सांगतो त्याला."

"धाडा," मी म्हटलं. "आणि नारळ यापुढे दगडावर फोडा."

पाटी जागेवर आहे. हे पत्र तिच्यामागे खोचून ठेवते. एक मात्र तुम्हाला सांगायला हवं. तुमच्या नियमाप्रमाणे आधी माझा हात ठेवायचा होता. मला धीर झाला नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. पट्टा थांबला, सगळे गेले, तेव्हा ठेवला. मग मोटार पार गार होईपर्यंत उचलला नाही.