आप्पांची दाढी

१२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर माझा आवाज ऐकला की तू शब्द ऐकत नाहीस, वास घेतेस. म्हणून हे पत्र. कागद खुशाल हुंगून बघ. फार तर दाढीच्या साबणाचा वास येईल.

दारू सोडण्यात तुम्ही समजता तेवढी मर्दुमकी नाही. खरा कस लागतो तो नंतरच्या संध्याकाळी. पूर्वी दिवे लागले की माझा दिवस संपायचा. आता दिवे लागतात आणि दिवस आपला समोर बसूनच असतो. त्याचं काय करायचं म्हणून या वयात पोहायला शिकलो. शिकवणारी बाई माझ्या निम्म्या वयाची आणि आईच्या दुप्पट कडक आहे. खाली राहणाऱ्या निवृत्त पोस्टमास्तरांकडे बुद्धिबळ खेळायला जातो. ते राजरोस लबाडीने सोंगट्या सरकवतात. शुद्धीत असल्यामुळे मला ते दिसतं, हा एक तोटाच. परवा जुनी दोस्तमंडळी भेटली. त्यांचे तेच विनोद मी कोरड्या घशाने ऐकले, आणि इतकी वर्षं आपण नेमके कशाला हसत होतो ते काही केल्या आठवेना.

दुकान मात्र वेळेवर उघडतो. गिऱ्हाइकं खुर्चीत बसण्याआधी कान चाचपायची, ते बंद झालंय. सकाळी कुलूप काढताना चक्क बरं वाटतं, हे तुलाच सांगतो.

आता मुद्द्याचं. भाऊजी म्हणाले, उजवा हात लुळा पडल्यापासून आपल्या आप्पांची दाढी छातीकडे निघाली आहे आणि तुमच्या गल्लीतला न्हावी त्यांनी दोनदा हाकलून दिला. वस्तरा मला त्यांनीच हातात दिला होता, आणि माझ्या हातातून काढूनही त्यांनीच घेतला. एकदा मला त्यांची दाढी करू दे. विचारून बघ.

मुलांना आशीर्वाद, भाऊजींना नमस्कार, आणि तुझ्या मनात माझ्यासाठी जेवढा लोभ शिल्लक असेल तेवढा राहू दे.

तुझा,
बारक्या


२५ जानेवारी

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र हुंगलं. साबणच निघाला. खात्री म्हणून ह्यांनाही हुंगायला दिलं; लग्नानंतर आमचं प्रथमच एकमत झालं.

तुझे छंद वाचून धन्य झाले. अजून विणकाम राहिलंय, तेही शिकून घे. मला लोकरीचा स्वेटर हवाच आहे.

आप्पांना विचारलं. आधी त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. पुन्हा विचारलं, तर डाव्या हाताने कानाची पाळी पुढे केली. माझ्या लेकीच्या लग्नाच्या सकाळी तू त्या पाळीवर वस्तऱ्याने सही केली होतीस. अल्बममधल्या सगळ्या फोटोंत आप्पा एकाच बाजूने दिसतात, पाहुण्यांना वाटतं फार ऐटबाज माणूस. मी म्हटलं, आता तो खरंच सुधारलाय. ते म्हणाले, याआधीही त्याने दारू सोडली होती, आणि दर वेळी कायमची.

खरं सांगू का, मला भीती वाटते. रक्ताची नाही, रक्त पुसता येतं. तू एवढ्या लांबून यायचं, आप्पांनी ऐन वेळी तोंड फिरवायचं, आणि मग परतीच्या वाटेवर तू कुठल्या दारात शिरशील, याची. म्हणून मी विषय सोडून दिला होता. पण काल त्यांनी स्वतःच काढला. रविवारी येऊ दे, म्हणाले. सकाळी. सकाळीच, असं दोनदा म्हणाले.

तेव्हा ये. हत्यारं तुझी आण, आणि पोटात चहा सोडून काही नको.

तुझी,
ताई


६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. वाटेत कुठेही थांबलो नाही, हे तू विचारण्याआधीच सांगून टाकतो.

माझ्या स्वागताची तयारी पाहून ऊर भरून आला. खोकल्याचं औषध गायब, भाऊजींचं अत्तर गायब, आणि दाढीनंतरच्या लोशनच्या बाटलीत नळाचं पाणी! अगं बाई, मी न्हावी आहे. माझ्या दुकानात आरशाखाली त्या लोशनच्या बाटल्या ओळीने उभ्या असतात आणि मी दिवसभर त्यांच्यासमोर उभा असतो. तू तुझ्या घरातली एक ओतून माझं रक्षण केलंस! गाल चुरचुरले की आप्पा जागे होतील म्हणून मी ते पाणी चोळत बसलो. शेवटी तुरटी फिरवली तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले.

पण ताई, आप्पा झोपले! हनुवटीखाली माझा वस्तरा आणि ते गाढ झोपलेले. गळ्यावर पातं असताना जे गिऱ्हाईक झोपतं ते आपलं झालं, असं तेच मला शिकवायचे. तू शेजारी पहारेकऱ्यासारखी बसली होतीस, तूही पाहिलंस. घरी येऊन थोडा रडलो, मग पोस्टमास्तरांकडे जाऊन दोन डाव हरलो. इतका सुखाचा रविवार माझ्या आठवणीत नाही.

लोभ आहेच, यापुढे थोडा विश्वासही असू दे.

तुझा,
बारक्या


१४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लोशनबद्दल माफीबिफी मिळणार नाही. ह्यांचं अत्तर एका वर्षी रातोरात कसं आटलं, ते मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

दुसरी गोष्ट सांगू की नको, असा आठवडाभर विचार केला. तू इतका खूश आहेस की गप्प बसावंसं वाटत होतं. पण आपल्या घरात बरं वाटावं म्हणून पुष्कळ खोटं बोलून झालंय.

आप्पा झोपले नव्हते. अंगावरच्या चादरीखाली त्यांनी डाव्या हाताने माझा हात असा आवळून धरला होता की माझी दोन बोटं अजून वळत नाहीत. सध्या भांडी हे घासतात. तुझ्या सुधारण्याचा एवढा लाभ मला झाला. तू गेल्यावर मी आप्पांना विचारलं, एवढी भीती वाटत होती तर डोळे तरी का मिटले? ते म्हणाले, मी बघत राहिलो असतो तर पोराचा हात लटपटला असता.

गाढ झोपलेल्या गिऱ्हाइकाला कसलं आलंय धाडस, बारक्या? हा माणूस टक्क जागा होता, थरथरत होता, आणि तू म्हणशील तशी मान वर करून देत होता.

आज सकाळी त्यांनी गालावरून हात फिरवला आणि येणारा रविवार किती लांब आहे ते विचारलं. मी म्हटलं, मागच्यासारखी शेजारी बसते. तर म्हणाले, तू आपली बाहेर बस, आम्हा दोघांच्या मध्ये तुझं काय काम?

तुझी,
ताई