तारेवरून बातमी

शनिवार, ५ ऑगस्ट १९७२

सकाळची शाळा सुटली तसा रिकाम्या वर्गातच बसून लखोटा फोडला. पुण्याहून उत्तरपत्रिका परत आल्या — लाल शेऱ्यांसकट. वृत्तपत्रविद्येचा टपाली अभ्यासक्रम. पोस्टमन इलाही चहाच्या आशेने उंबऱ्यातच रेंगाळला होता. "मास्तर, पन्नाशीला परीक्षा! पास झालात तर पेढं, नापास झालात तर निदान च्या तरी पाजा." चहा पाजला.

बातमीलेखनात नापास. भाषेला शाबासकी आहे. पण प्रश्न चौथा — 'खालील तारेवरून बातमी तयार करा' — तिथे शून्य. तार साधी होती. घाटात ट्रक उलटला, तीन मजूर ठार, दोन जखमी. मी पानभर लिहिलंय. ठिकाण, वेळ, वळण, सगळं नीट. आणि शेवटी: सर्व मजूर सुखरूप आहेत.

समासात लाल शाईने — 'तारेत तिघे ठार आहेत. आपण सुखरूप कोठून आणलेत?'

उत्तरातलं अक्षर माझंच. पण हे लिहिल्याचं मला आठवत नाही!

रविवार, ६ ऑगस्ट

कोठून आणलं ते मला ठाऊक आहे. इथे तरी लिहावं.

गेल्या मार्गशीर्षात लढाई चालू होती. इंग्रजी तार आली म्हणून इलाहीने ती माझ्या हातात दिली. राहीबाईचा जोतीराम पलटणीत होता. एकुलता एक मुलगा. कामी आला. दोन ओळींत संपलं होतं सगळं. तिच्या घरी गेलो तर चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेली. धुराने भरलेले डोळे पुसत तिनेच विचारलं, "सुखरूप हाय न्हवं?"

मी 'व्हय' म्हणालो. वाटलं, दोन घास खाऊ दे, मग सांगू. तोवर तिने गल्लीभर साखर वाटली.

त्यानंतर जोतीरामची म्हणून तिला चार पत्रं वाचून दाखवली. चारही मीच लिहिलेली. ती तार आणि पलटणीची खरी पत्रं माझ्या ट्रंकेत आहेत. पोस्टमन सगळ्या गावाचं टपाल शाळेतच टाकून जातो, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

मंगळवार, ८ ऑगस्ट

फेरपरीक्षा २४ सप्टेंबरला, सांगलीत. तिथल्या एका साप्ताहिकाचे संपादक लालासाहेब माझ्या ओळखीचे. त्यांनीच मला या अभ्यासाला लावलं. त्यांच्याकडे उतरता येईल.

रोज पूजा झाली की सरावाची एक तार घ्यायची, तिची बातमी करायची. जे घडलं ते पहिल्याच वाक्यात. परीक्षकांचा शेवटचा शेरा असा — 'आपण बातमी लिहीत नाही, पत्र लिहिता.'

या माणसाने मला कधी पाहिलेलंही नाही.

शुक्रवार, ११ ऑगस्ट

सरावाला घाटाचीच तार घेतली. सावकाश, एकेक शब्द मोठ्याने म्हणत लिहिलं — तिघे ठार. इलाही आला होता, त्याला वाचायला दिलं.

"मास्तर, ह्यात तर कुनीच मेलं न्हाई की!"

कागद ओढून घेतला. सर्व मजूर सुखरूप.

"आवं, घाबरताय काय एवढं? चांगलीच बातमी हाय!" — आणि हसत सायकलवर बसला. मी माझ्याच हाताकडे बघत राहिलो. उजवा हात. याच हाताने देवाला फूल वाहतो.

शनिवार, १९ ऑगस्ट

राहीबाई शाळेच्या दारात. पत्र आलं का? खिशात होतं. पहाटेच लिहून ठेवलेलं. घडी उलगडायच्या आत म्हणाली, "बोट बरं झालं का वो त्याचं?"

कुठलं बोट?

"डाव्या हाताचं. परवा दुपारी आला हुता न्हवं. चिंधी गुंडाळल्याली."

पत्रात मी लिहिलं होतं — डाव्या हाताच्या बोटाला थोडं लागलं, काळजी करू नये. ते माझ्याशिवाय कुणीही वाचलेलं नाही. देवाशपथ!

रविवार, २० ऑगस्ट

जप होत नाही. मणी ओढतो आणि नामाच्या जागी तोच शब्द येतो. एकशे आठ वेळा सुखरूप.

रविवार, २७ ऑगस्ट

भर दुपारी मुद्दाम तिच्याकडे गेलो. सोप्यात दोन ताटं. रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी, दोन्हींत अर्धी अर्धी. दुसऱ्या ताटातली मोडलेली. "बसा की, मास्तर. आत्ताच उठला बघा."

त्या ताटापुढच्या पाटावर हात ठेवला. उबदार होता. तिथे ऊन येत नाही.

तिची बांगडी मनगटावरून पार कोपराकडे सरकली होती. म्हटलं, राहीबाई, तुम्ही जेवता का नाही? "त्याचं पोट भराय नगं? किती बी घाला, भरतच न्हाई. बोलत बी न्हाई. नुस्ता बघतोय. म्हनलं, बाबा, आलाईस तर ऱ्हा, न्हाईतर जा. तर म्हनतोय, मास्तर जाऊ देत न्हाईत."

हे ती रागाने म्हणाली नाही. मला बसायला घोंगडं टाकत म्हणाली.

दिवाळीपर्यंत ही बाई राहायची नाही. आपलं अन्न त्याच्या ताटात ओतते आहे — आणि त्याला तिथे बसवलंय मी.

सोमवार, २८ ऑगस्ट

अभ्यास नाही. ट्रंकेतून तार काढली. परत ठेवली.

शनिवार, २ सप्टेंबर

आज राहीबाईला तार वाचून दाखवली. तिच्या सोप्यात उभा राहून, मराठीत, जशी आहे तशी. जोतीराम लढाईत कामी आला. मला तेव्हापासून ठाऊक आहे, हेही सांगितलं.

ती रडली नाही. माझ्या खांद्यावरून मागे, दाराकडे बघत राहिली. मला वळून पाहायचं धाडस झालं नाही. मग तिने पदर तोंडाशी नेला.

"आत्ता ग्येला बघा, मास्तर."